ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की तापणारी फार्गो

आमची फार्गो १९५४ ची. पेट्रोल, सहा सिलेंडर, साइड व्हॉल्व्ह इंजिन, २१८ क्युबिक इंच म्हणजे साधारण ३.६ लिटर. ज्यांनी फार्गो बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा क्रायस्लर या अमेरिकन कंपनीचा ट्रक, डॉजच म्हणा ना, पुढचं नाव तेवढं वेगळं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो, डिसोटो अशा नावांनी ट्रक निघायला लागले. भिवंडीला पॉवरलूमवाल्यांकडे सुताची पोती वाहायला असल्या गाड्या बऱ्याच वर्षं होत्या, आमची पण तिथूनच आली. बॉडी, ब्रेक, वायरिंग सगळं नीट झालं, गाडी मस्त चालायला लागली, पण एक दुखणं राहिलं. चालती गाडी एकदम थंड आणि उभी राहिली की तापायची. नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत जाऊन या, तापमानाचा काटा ८० च्या आसपास जागचा हलत नाही. तीच गाडी घोडबंदर रोडला कापूरबावडीच्या पुढे अडकली, मेट्रोच्या कामामुळे तिथे काय हाल असतात ते ठाणेकरांना सांगायला नको, की काटा ९०, ९५, १०० आणि मग रेडिएटरच्या कॅपखालून पाणी फेकायला सुरुवात.

ह्यावर सल्ले भरपूर मिळाले. कोणी म्हणालं मोठा रेडिएटर टाक, कोणी म्हणालं मारुतीचा इलेक्ट्रिक फॅन लाव, एकाने सांगितलं थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकून दे. (थर्मोस्टॅट आधीच कोणीतरी काढून फेकलेला होता, ते पुढे सांगतो.) इलेक्ट्रिक फॅनचं मला पहिल्यापासून पटत नव्हतं कारण ही गाडी ६ व्होल्टची, तिला बॅटरी चार्ज करायला डायनॅमो, आणि डायनॅमो स्लोला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं तेव्हा, जवळजवळ काहीच करंट देत नाही. म्हणजे जेव्हा फॅनची खरी गरज, तेव्हाच बॅटरी रिकामी होणार. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही गाडी बनली तेव्हा तिने भर मे महिन्यात याच मुंबई-ठाण्यात माल वाहिलेला आहे, नाक्यावर उभं राहून. तेव्हा तापत नसेल तर आता का तापते, म्हणजे मधल्या सत्तर वर्षांत काय निघालं, काय गंजलं, काय बुजलं हे शोधायला पाहिजे, नवीन काही चिकटवण्याच्या आधी.

यात मला साथ मिळाली तात्यांची. तात्या एसटीतून रिटायर झालेले, खोपटच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. त्यांचा पहिला प्रश्न, "काटा खरा बोलतो का ते बघितलंस का?" तर आधी तेच केलं. आमच्या गाडीत मीटरपासून इंजिनापर्यंत बारीक तांब्याची नळी जाते आणि टोकाला बल्ब, तो हेडच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या बाजूला बसतो. तो बल्ब काढला, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरला, काटा १०० वर जाऊन थांबला. म्हणजे मीटर बरोबर. हे ज्याने त्याने आधी करावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण चुकीच्या मीटरवर विश्वास ठेवून लोक हेड खोलतात.

मग तात्यांनी जे सांगितलं ते अगदी साधं आहे पण त्यातच अर्धं निदान झालं. गाडी पळताना तापते आणि उभी असताना ठीक असते तर पाण्याकडे बघायचं, म्हणजे रेडिएटर चोक आहे का, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) पाणी ढकलते का, खालचा होज (रबरी पाइप) चिमतो का. उलट गाडी पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, तर आधी हवेकडे बघायचं. कारण स्लोला इंजिन उष्णता फार तयार करतच नाही, तेवढी पण बाहेर टाकता येत नसेल तर रेडिएटरच्या जाळीतून हवाच जात नाहीये. साठच्या स्पीडला समोरून येणारा वारा फॅनचं काम करून टाकतो त्यामुळे फॅनची कमजोरी झाकली जाते.

हवा जाते की नाही हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. गाडी चालू करून स्लोला ठेवली आणि पेपरचं एक पान रेडिएटरच्या पुढे धरलं. मध्यभागी पान जाळीला चिकटलं, अगदी ताणून बसलं, पण कोपऱ्याला सरकवलं की गळून खाली. वरचे दोन्ही कोपरे, खालचा डावा कोपरा, कुठेच ओढ नाही. म्हणजे फॅन फक्त स्वतःच्या गोलाएवढीच हवा ओढत होता, बाकीचा रेडिएटर नुसता शोभेला. फॅनच्या भोवती श्राउड म्हणजे पत्र्याचा घेर नव्हताच. मग तात्यांनी देवघरातल्या उदबत्त्या मागवल्या. दोन उदबत्त्या पेटवून रेडिएटरच्या बाजूला, जिथे रेडिएटर आणि बॉडीचा पत्रा यांच्यात बोटभर फट आहे तिथे धरल्या, तर धूर मागून पुढे यायला लागला! इंजिनकडची तापलेली हवा फटीतून परत पुढे येत होती आणि तीच फॅन पुन्हा ओढत होता. पळत्या गाडीत हे होत नाही, वारा पुढून दाबतो. उभ्या गाडीत मात्र तीच गरम हवा गोल गोल फिरत राहते. मी तो धूर बघितला तेव्हा इतके दिवस डोक्यात असलेला मोठ्या रेडिएटरचा विषयच संपला.

पण तात्या तिथे थांबले नाहीत. लेझरवाली टेम्परेचर गन आणली होती, त्याने इंजिनवर ठिकठिकाणी बघायला सांगितलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, चकचकीत धातूवर ही गन चुकीचं दाखवते, तांबं-पितळ-अॅल्युमिनियम असेल तर तिथे काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर बघा. आम्ही हेडवर प्रत्येक प्लगजवळ असे ठिपके दिले. गाडी गरम झाल्यावर पुढच्या सिलेंडरजवळ ८६ आणि सगळ्यात मागच्या जवळ ११० च्या वर. एवढा फरक! तात्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आतली पट्टी गेली."

ही पट्टी काय भानगड आहे ते नीट सांगतो कारण क्रायस्लरच्या या साइड व्हॉल्व्ह इंजिनाचं हे सगळ्यात मोठं गुपित आहे आणि बऱ्याच मेकॅनिकना माहीत नसतं. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्ये सिलेंडरच्या बाजूला असतात. एक्झॉस्टचा धूर ब्लॉकमधूनच वळण घेऊन बाहेर पडतो, त्यामुळे त्याची उष्णता थेट पाण्यात उतरते. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला थंड पाणी मिळावं म्हणून कंपनीने ब्लॉकच्या आत, पुढून मागेपर्यंत, एक चपटी पत्र्याची नळी घातलेली असते, तिला ठराविक जागी भोकं. वॉटर बॉडी पाणी या नळीत ढकलते आणि ते भोकांतून प्रत्येक व्हॉल्व्हजवळ पोचतं. नळी गंजून फुटली की पाणी जवळच्या वाटेने पुढेच बाहेर पडतं आणि मागच्या दोन सिलेंडरना उरलंसुरलं मिळतं. स्लोला पंप आधीच हळू फिरतो, त्यात हे. म्हणजे आमच्या गाडीत हवा पण कमी आणि पाणी पण चुकीच्या जागी, दोन्ही दुखणी एकत्र.

नळी काढायची तर रेडिएटर काढा, वॉटर बॉडी काढा, मग ब्लॉकच्या तोंडाशी एक आडवी चपटी फट दिसते. आमच्यात ती फट तपकिरी गाळाने भरलेली होती, स्क्रू ड्रायव्हरने उकरलं तर ओला चिखल आणि त्यात गंजाचे पापुद्रे. गंज सोडवणारं तेल रात्रभर सोडलं. तात्यांनी सळईला टोकाला आकडा वळवून घेतला, तो आत घालून नळीच्या भोकात अडकवायचा आणि सळईच्या बाहेरच्या टोकाला सरकतं वजन लावून ठोके मारत ओढायचं. पहिल्या ओढीत हातभर तुकडा आला, खालची बाजू पूर्ण खाऊन गेलेली, वरची पट्टी कागदासारखी. बाकीचा मागे अडकून बसला. तो तुकड्या-तुकड्याने काढण्यात हाताची सालं निघाली, तेल सोडायचं, थांबायचं, आकडा फिरवायचा, थोडा येतो, परत अडकतो. शेवटचा तुकडा आला तेव्हा त्याच्या मागोमाग इतका गाळ आला की खाली ठेवलेली परात भरली. मग ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे प्लग पण काढून टाकले, तिथून बागेच्या पाइपने उलट्या दिशेने पाणी मारलं. मागच्या सिलेंडरच्या खाली तर गाळ घट्ट बसला होता, तो तारेने टोचून सैल करावा लागला. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवलं. ब्लॉकचा ड्रेन कॉक पण बुजलेला होता, म्हणजे आजवर ज्यांनी ज्यांनी "पाणी बदललं" त्यांनी फक्त रेडिएटरचं बदललं होतं, ब्लॉकमधलं तसंच.

नवीन नळी अमेरिकेत अजून मिळते, पितळेची पण आणि स्टीलची पण. माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो, तो दिवाळीला येताना बॅगेतून घेऊन आला. पितळेची घ्या, पुन्हा गंजायचा प्रश्न नाही. भोकं व्हॉल्व्हच्या दिशेला येतील अशीच घालायची, उलटी घातली तर सगळी मेहनत वाया. नीट सरळ धरली तर हाताने अलगद आत जाते, ठोकायची गरज पडली तर समजायचं की आत अजून गाळ आहे.

रेडिएटर खाली उतरलाच होता तर कळव्याच्या एका चाचांकडे दिला. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर बघून चाचा खूश. त्यांनी दोन्ही टाक्या डाग सोडवून वेगळ्या केल्या, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून साफ केली, परत झाळ दिली आणि हौदात हवा भरून बुडबुडे बघितले. नवीन अॅल्युमिनियमचा घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, गाडीचा मूळ रेडिएटर कामाला पुरेसा आहे, त्याला फक्त मोकळा श्वास द्यायचा.

आता श्राउड. हे काम मला सगळ्यात जास्त आवडलं. आधी पुठ्ठ्याचा साचा केला, रेडिएटरच्या चारही कडांना लागून बसेल आणि मध्ये फॅनसाठी गोल. आमचा फॅन १७ इंचाचा, गोल १९ इंचाचा ठेवला म्हणजे चारही बाजूंनी एक इंच मोकळं. यापेक्षा जवळ ठेवायचा मोह होतो पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रेस दिली की हलतं, आणि पाती पत्र्याला घासली तर रेडिएटरची वाट लागेल. पातीची रुंदी निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर असावी. पूर्ण आत असेल तर पाती हवा बाजूला फेकतात पण ती निसटायला जागा मिळत नाही. पूर्ण बाहेर असेल तर श्राउड असून नसल्यासारखा. वागळे इस्टेटमधल्या एका पत्रेकामवाल्याने १८ गेजच्या पत्र्यात बनवून दिला, कडा वळवून. मी तो वरचा आणि खालचा असा दोन भागात करून घेतला कारण एकसंध असता तर फॅन बेल्ट बदलायला दरवेळी रेडिएटर काढायला लागला असता. रस्त्यात बेल्ट तुटला की काय करणार?

फटी बुजवायला बंद पेशींचा काळा फोम, तो पाणी पीत नाही, रेडिएटर आणि बॉडीच्या मध्ये दोन्ही बाजूंनी आणि वरून. खाली पण एक रबराची पट्टी लोंबती ठेवली. पुन्हा पेपरचं पान घेऊन पुढे उभा राहिलो. चारही कोपऱ्यात चिकटलं, आणि नुसतं चिकटलं नाही तर हात सोडला तरी तिथेच राहिलं. उदबत्तीचा धूर आता सरळ जाळीत शिरत होता. तात्या काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, आणि त्यांच्याकडून ते खूप आहे.

टायमिंगचा, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो त्याचा, विषय बरेच जण कूलिंगशी जोडत नाहीत पण जोडला पाहिजे. स्पार्क उशिरा पडला तर पेट्रोल उशिरा जळतं, जळता जळताच एक्झॉस्टमधून बाहेर पडतं, आणि मी वर सांगितलं तसं आमच्या इंजिनात एक्झॉस्ट ब्लॉकमधूनच जातो, म्हणजे ती सगळी उष्णता पाण्याला. टायमिंग लाइट लावून बघितलं तर पुलीवरची खूण मार्कच्या बरीच मागे होती. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) सैल करून जागेवर आणला, पॉइंटची गॅप सेट केली, त्यातच स्लोला इंजिनचा आवाज मऊ झाला. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं, तर स्लोचा स्क्रू थोडा बाहेर काढून पेट्रोल किंचित वाढवलं. स्लो पण मिनिटाला ४५० फेऱ्यांवरून ६०० च्या जवळ आणला. त्याने फॅन आणि पंप दोन्ही तेवढेच जास्त फिरतात, फुकटातला फायदा.

थर्मोस्टॅट मी परत बसवला, ७१ डिग्रीवाला. यावर वाद घालणारे खूप भेटतात. थर्मोस्टॅट फक्त गाडी किती थंड राहू नये हे ठरवतो. गाडी ९५ ला पोचली तेव्हा तो कधीच पूर्ण उघडलेला असतो, मग तो काढल्याने स्लोला तापणं थांबेल कसं? उलट तो नसला तर पावसाळ्यात, रात्री, इंजिन नीट गरमच होत नाही, ऑइलमध्ये ओल राहते आणि चिखल होतो. घालायच्या आधी त्यालाही पातेल्यातल्या पाण्यात गरम करून उघडतो ना ते बघा, नवीन डब्यातला पण खराब निघू शकतो.

कॅप ७ पीएसआयची. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १११ ला उकळतं, आणि सत्तर वर्षांच्या झाळकामाला त्याहून जास्त दाब द्यायचा नाही. खालच्या होजमध्ये तो चिमू नये म्हणून असणारी स्प्रिंग नव्हती, ती घातली. बेल्ट बोटाने दाबला तर अर्धा इंच जाईल इतका ताणला. पाण्याचं म्हणाल तर बोअरवेलचं पाणी अजिबात घालू नका, त्यातले क्षार आतून थर धरतात. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही त्यामुळे कूलंट आणि पाणी ५०-५० ठेवायची गरज नाही, नुसतं पाणी तसं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, पण गंज थांबवायला कूलंट हवंच. मी ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड पाणी ठेवलंय. सांडलेलं कूलंट लगेच धुवून टाका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा म्हणजे हेडमधली हवा वर निघून जाते.

मग मे महिन्यात, दुपारी, मुद्दाम घोडबंदर. माजिवड्यापासून निघालो, मानपाड्याला अडकलो, पुढे पातलीपाड्यापर्यंत नुसतं सरक-थांब, शेजारी एसी बस, वरून ऊन, आणि गायमुखच्या चढाच्या आधी तर सगळंच ठप्प, बाजूचे रिक्षावाले इंजिन बंद करून उतरले होते. मी बंद केलं नाही. काटा ८२ वरून ८८ ला गेला आणि तिथे बसला. तात्या शेजारी होते, ते गन घेऊन बॉनेटखालचं बघायचं म्हणून उतरले, बॉनेट उघडलं, पुढचा सिलेंडर ८५, मागचा ८९. शेजारच्या टेम्पोवाल्याला वाटलं गाडी बंद पडली, पाण्याची बाटली घेऊन आला बिचारा.

एक गोष्ट अजून बाकी आहे. गाडी तापलेली असताना बंद केली की पंप थांबतो, फॅन थांबतो, आणि ब्लॉकमधली उष्णता पाण्यात उतरत राहते, काटा पाच-सात डिग्री वर जातो. ते कुठल्याही जुन्या गाडीत होणारच, कॅप तेवढी उघडायची नाही. पण त्याच वेळी ब्लॉकवरचा पेट्रोल पंप पण तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि दहा मिनिटांनी परत चालू करायला गेलो तर स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. त्यासाठी पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये पत्र्याचा आडोसा करायला दिलाय, त्याच वागळेच्या पत्रेकामवाल्याकडे. तोपर्यंत बंद करायच्या आधी मिनिटभर थोडी रेस ठेवून उभी करतो, फॅनने बॉनेटखालची गरम हवा बाहेर काढली की सुरू व्हायला त्रास कमी होतो.